गाभ्याची साथ सुटते तेव्हा : चुंबकीय संपृक्तता आणि वेटोळ्याची प्रवर्तकता

तांब्याच्या तारेचे वेटोळे नुसत्या हवेत ठेवण्याऐवजी लोखंडाच्या किंवा फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळले, तर त्याची प्रवर्तकता, म्हणजे रोजच्या व्यवहारात ज्याला इंडक्टन्स म्हणतात तो गुण, शेकडो आणि कधी हजारो पटींनी वाढतो. ट्रान्सफॉर्मर, चोक, रिले, मोबाइलचा चार्जर, मोटर ही सारी साधने या वाढीवर उभी आहेत. ही वाढ मात्र अमर्याद नाही. वेटोळ्यातील प्रवाह एका टप्प्यापलीकडे गेला की गाभा आणखी चुंबकित होऊ शकत नाही, त्याची साथ सुटते, आणि तेच वेटोळे हवेतल्या वेटोळ्यासारखे वागू लागते. या अवस्थेला चुंबकीय संपृक्तता म्हणतात, आणि दुरुस्तीच्या टेबलावर तिचाच उल्लेख ‘कोअर सॅच्युरेट झाला’ असा होतो. वेटोळ्यावर छापलेला प्रवर्तकतेचा आकडा किती प्रवाहापर्यंत खरा मानायचा, हे ज्याने पाहिले नाही त्याला ते वेटोळे अर्धेच समजले आहे, असे म्हणणे मुळीच अतिशयोक्तीचे नाही. कारण हा आकडा ढासळतो तो नेमका प्रवाह सर्वांत जास्त असताना, म्हणजे वेटोळ्याची गरज सर्वांत मोठी असताना.

प्रवर्तकतेचा अर्थ आधी नीट पाहिला पाहिजे. तारेतून प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे कोपनहेगनच्या हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखवले. क्षेत्र बदलले की जवळच्या वेटोळ्यात विद्युत दाब उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली सिद्ध केले. आणि वेटोळ्याचे स्वतःचे क्षेत्र बदलले तरी तो दाब त्याच वेटोळ्यात उत्पन्न होऊन मूळ बदलाला विरोध करतो, हे अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी १८३२ साली प्रसिद्ध केले. या विरोधाचे माप म्हणजे प्रवर्तकता. प्रवाह सेकंदाला एक अँपिअर या दराने बदलत असताना वेटोळ्याच्या टोकांशी एक व्होल्ट दाब निर्माण होत असेल, तर त्या वेटोळ्याची प्रवर्तकता एक हेन्री मानतात. हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने अशी मांडता येते, की गाभ्यातून जाणारा फ्लक्स, म्हणजे छेदातून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची एकूण मात्रा, वेढ्यांच्या संख्येने गुणावा आणि प्रवाहाने भागावा. येणारे उत्तर म्हणजे प्रवर्तकता.

बंद कड्याच्या आकाराच्या गाभ्यासाठी याचे सूत्र सरळ आहे: वेढ्यांच्या संख्येचा वर्ग, गाभ्याच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि गाभ्याची पार्यता यांचा गुणाकार करायचा आणि त्याला चुंबकीय मार्गाच्या लांबीने भागायचे. पार्यता म्हणजे प्रवाहाने लावलेल्या चुंबकीय प्रेरणेला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचे माप. हवेची पार्यता एक धरली तर नरम लोखंडाची हजारांत आणि वीजपुरवठ्याच्या साधनांतील फेराइटची साधारण दोन-तीन हजारांच्या घरात भरते. सूत्रातील वेढे मोजता येतात, क्षेत्रफळ आणि लांबी मोजपट्टीने काढता येते. पार्यता मात्र तक्त्यातून घ्यावी लागते, आणि पाठ्यपुस्तकातील बहुतेक उदाहरणांत ती एक स्थिर संख्या म्हणून दिलेली असते. सारा घोळ इथेच होतो, कारण पार्यता स्थिर नसते, आणि ती ज्याच्यावर अवलंबून असते तो प्रवाह तर वेटोळ्यातून सतत बदलत वाहत असतो.

गाभ्याची मर्यादा कुठून येते हे लोखंडाच्या अणूपाशी गेल्याशिवाय कळत नाही. लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. त्यातील काही इलेक्ट्रॉनांच्या फिरकीमुळे त्याला सुमारे २.२ बोर मॅग्नेटॉन (अणूंचे चुंबकत्व मोजण्याचे एकक) इतके चुंबकीय सामर्थ्य लाभलेले असते. लोखंडाच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ८.५ गुणिले दहाचा अठ्ठाविसावा घात इतके अणू असतात. हे सर्व अणुचुंबक एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले, तर त्यांचे एकत्रित चुंबकन मीटरला सुमारे साडेसतरा लाख अँपिअर इतके भरते, आणि त्यापासून मिळणारी फ्लक्सची घनता सुमारे २.२ टेस्ला येते. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या धडपडीमुळे काही अणू किंचित डगमगलेले असतात, म्हणून प्रत्यक्षात शुद्ध लोखंड २.१५ टेस्लाच्या आसपास थांबते. अणूंची संख्या ठरलेली आहे, प्रत्येकाचे सामर्थ्य ठरलेले आहे, म्हणून त्यांची बेरीजही ठरलेली आहे. वेढे वाढवून, प्रवाह वाढवून किंवा गुंडाळणीचे कसब पणाला लावून ती वाढवता येत नाही. या बेरजेची थोरवी किती, तेही लक्षात घ्यावे. मीटरभर लांबीत १००० वेढे असलेल्या हवेतल्या वेटोळ्यातून एवढेच क्षेत्र मिळवायचे झाले, तर त्यातून सुमारे १७०० अँपिअर प्रवाह सोडावा लागेल. लोखंडात तेच काम त्याच्या अगदी छोट्या अंशात होते, कारण अणू मुळातच चुंबक असतात आणि प्रवाहाला त्यांना फक्त वळवावे लागते.

हे वळणे एकसारखे, गुळगुळीत होत नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पियेर वाइस यांनी १९०७ साली अशी कल्पना मांडली, की न चुंबकलेल्या लोखंडातही अणुचुंबक लहान लहान प्रांतांत आधीपासून एका दिशेला लागलेले असतात, फक्त वेगवेगळ्या प्रांतांच्या दिशा वेगवेगळ्या असल्यामुळे बाहेरून त्यांची बेरीज शून्य दिसते. हे प्रांत म्हणजेच डोमेन. बाहेरून क्षेत्र लावले की अनुकूल दिशेचे प्रांत शेजाऱ्यांना आत घेत वाढतात, म्हणजे त्यांच्यामधल्या सीमा सरकतात. या सीमा पदार्थातील दोषांपाशी, सूक्ष्म भेगांपाशी, अशुद्धींपाशी अडकतात आणि क्षेत्र पुरेसे वाढले की झटक्याने सुटतात. जर्मनीतील हाइनरिक बार्कहाउझेन यांनी १९१९ साली लोखंडाभोवती वेटोळे गुंडाळून त्याला प्रवर्धक आणि कानाचा फोन जोडला, तेव्हा क्षेत्र सावकाश बदलताना त्यांना खरखर ऐकू आली; ती या सीमांच्या झटक्यांची होती. प्रांतांची कल्पना सूक्ष्म जगातली असली, तरी तिचा आवाज माणसाच्या कानापर्यंत आणता येतो, ही या विषयातील खरोखर देखणी गोष्ट आहे.

प्रवाह वाढवत नेला आणि गाभ्यातील फ्लक्सची घनता मोजत गेले, तर मिळणाऱ्या वक्राचे तीन भाग दिसतात. अगदी सुरुवातीला वाढ मंद असते, कारण सीमा जागच्या जागी थोड्याच हलतात. मग सीमा मोकळेपणाने सरकू लागल्यावर वक्र उभा चढतो. आणि बहुतेक प्रांत एका दिशेला आले की तो वळून आडवा होत जातो. या वळणाला अभियंते वक्राचा गुडघा म्हणतात. असे वक्र काळजीपूर्वक मोजणाऱ्या पहिल्या संशोधकांत रशियाचे अलेक्सांद्र स्तोलेतोव आणि अमेरिकेचे हेन्री रोलँड यांची नावे येतात. रोलँड यांनी लोखंडाच्या कड्यांवर तार गुंडाळून केलेले काम अमेरिकेतील नियतकालिकाने नाकारले होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांना त्याचे मोल कळले आणि त्यांच्या मदतीने ते १८७३ साली इंग्लंडमध्ये छापून आले. पार्यता ही स्थिर संख्या नसून आधी वाढणारी, कळसाला पोचणारी आणि मग घसरणारी राशी आहे, हे या मोजमापांतून स्पष्ट झाले. म्हणूनच काही चोकची प्रवर्तकता प्रवाह शून्यापासून थोडा वाढवल्यावर आधी किंचित चढते आणि नंतर उतरते. हा मोजणाऱ्याच्या उपकरणाचा दोष नसतो.

संपृक्ततेचा प्रवर्तकतेवर होणारा परिणाम समजण्यासाठी एक भेद लक्षात ठेवणे अपरिहार्य आहे. एकूण फ्लक्सला एकूण प्रवाहाने भागून जी प्रवर्तकता मिळते तिला सरासरी प्रवर्तकता म्हणता येईल. प्रवाह आहे त्या जागेवरून थोडासा हलवल्यावर फ्लक्स किती हलतो, म्हणजे वक्राचा त्या बिंदूपाशी असलेला चढ, त्यावरून जी मिळते ती वाढीव प्रवर्तकता. गुडघ्याच्या अलीकडे दोन्ही जवळपास सारख्या असतात. गुडघ्यापलीकडे सरासरी प्रवर्तकता हळूहळू उतरते, कारण आधी जमलेला फ्लक्स काही नाहीसा होत नाही. वाढीव प्रवर्तकता मात्र कोसळते. परिपथाला प्रत्येक क्षणी सामना करावा लागतो तो या दुसरीशीच, कारण प्रवाहातील बदलाला विरोध करणारा दाब वक्राच्या चढावर अवलंबून असतो, आधी साठलेल्या बेरजेवर नव्हे.

एक ठोस उदाहरण घेऊ. फेराइटच्या गाभ्याचा छेद १ चौरस सेंटिमीटर, चुंबकीय मार्गाची लांबी १० सेंटिमीटर, सापेक्ष पार्यता २००० आणि त्यावर ५० वेढे. सूत्रानुसार प्रवर्तकता सुमारे ६.३ मिलिहेन्री येते. फ्लक्सची घनता ०.३५ टेस्लापर्यंत नेणे सुरक्षित मानले, तर ती मर्यादा अवघ्या ०.२८ अँपिअर प्रवाहाला गाठली जाते. इतक्या छोट्या वेटोळ्याला ६.३ मिलिहेन्री हा आकडा भरघोस वाटतो, पण अर्धा अँपिअर सोडला की त्यातले फारसे काही उरत नाही. पुरता संपृक्त झालेला गाभा प्रवाहाच्या पुढच्या वाढीला हवेइतकाच प्रतिसाद देतो, म्हणजे वाढीव प्रवर्तकता मूळच्या दोनहजाराव्या भागाकडे, सुमारे ३ मायक्रोहेन्रीकडे उतरत जाते. प्रवर्तकता शून्य होत नाही, कारण हवेलाही स्वतःची पार्यता असते. पण तेवढीच काय ती शिल्लक.

स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यात, म्हणजे संगणकाच्या एसएमपीएसपासून एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरपर्यंत सर्वत्र, ही घसरण घातक ठरते. अशा परिपथात एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा उघडतो आणि मिटतो, आणि प्रत्येक वेळी वेटोळ्यावर ठराविक दाब लावला जातो. त्या दाबाला प्रवर्तकतेने भागले की प्रवाहाचा चढ मिळतो. १०० मायक्रोहेन्रीच्या वेटोळ्यावर १२ व्होल्ट लावले तर प्रवाह दर मायक्रोसेकंदाला ०.१२ अँपिअर या संथ गतीने चढतो, आणि दहा मायक्रोसेकंदांत जेमतेम १.२ अँपिअर वाढतो. गाभा संपृक्त होऊन प्रवर्तकता ५ मायक्रोहेन्रीवर आली, की तोच चढ मायक्रोसेकंदाला २.४ अँपिअर होतो. प्रवाह वाढला म्हणून संपृक्तता वाढते, संपृक्तता वाढली म्हणून प्रवाह आणखी वेगाने वाढतो, आणि नियंत्रक परिपथाला सावरायला वेळ मिळण्याआधीच ट्रान्झिस्टर जातो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हे दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही. निरोगी वेटोळ्याचा प्रवाह करवतीच्या दात्यांसारख्या सरळ तिरप्या रेषांनी चढतो-उतरतो; गाभा भरू लागला की प्रत्येक दात्याचे टोक वर वाकते, आणि भार थोडा वाढवला की ते टोक एकदम उभे फेकले जाते. जळलेला ट्रान्झिस्टर बदलून दुसरा बसवल्यावर तोही जळतो, तेव्हा संशय ट्रान्झिस्टरच्या प्रतीवर घेण्याआधी या रेषेकडे पाहणे शहाणपणाचे असते.

प्रवर्तकता मोजणारे साधे एलसीआर मीटर इथे उपयोगी पडत नाही, ही बाब पुरेशी ठासून सांगितली जात नाही. असे मीटर वेटोळ्यातून काही मिलिअँपिअरचा छोटा प्रत्यावर्ती प्रवाह सोडून मापन करते. त्या प्रवाहाला वक्राचा तळचा भागच दिसतो. दोन वेटोळी मीटरवर हुबेहूब सारखा आकडा दाखवतात आणि प्रत्यक्ष भारावर एक टिकते, दुसरे कोसळते, याचे कारण हेच. म्हणून चांगला उत्पादक माहितीपत्रकात संपृक्ततेचा प्रवाह वेगळा देतो. तो कोणी प्रवर्तकता २० टक्क्यांनी घटली त्या बिंदूला धरतो, कोणी ३० टक्क्यांनी, आणि दोन उत्पादकांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ही तळटीप वाचावीच लागते. तापमानाचीही अट त्यात असते. शक्तीच्या कामासाठी वापरले जाणारे मँगनीज-झिंक फेराइट २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.५ टेस्लापर्यंत साथ देते, पण १०० अंशांना ती मर्यादा ०.४ टेस्लाच्या आसपास येते. थंड टेबलावर तासभर व्यवस्थित चाललेले साधन बंद डब्यात, भर उन्हाळ्यात, पूर्ण भारावर काही वेळाने दगा देते, तेव्हा या पाचव्या हिश्श्याचा हिशेब चुकलेला असण्याची शक्यता मोठी असते. लोखंड या बाबतीत बरेच सोशिक आहे, कारण त्याचे चुंबकत्व ज्या तापमानाला पूर्ण नाहीसे होते ते क्यूरी तापमान ७७० अंश आहे; या फेराइटचे ते बहुधा २०० अंशांच्या थोडे पुढे असते.

या अडचणीवर अभियंत्यांनी शोधलेला उपाय पहिल्या वाचनात उलटा वाटतो: उत्तम गाभा घ्यायचा आणि त्यात मुद्दाम हवेची फट ठेवायची. वरच्याच उदाहरणातील फेराइटच्या मार्गात १ मिलिमीटरची फट ठेवली, तर काय होते ते पाहावे. चुंबकीय मार्गाचा अडथळा लांबीला पार्यतेने भागून मोजतात. १० सेंटिमीटर फेराइटचा अडथळा ०.०५ मिलिमीटर हवेइतकाच असतो, म्हणून १ मिलिमीटरची फट त्याच्या वीसपट ठरते आणि सगळ्या मार्गावर तिचीच सत्ता चालते. प्रवर्तकता ६.३ मिलिहेन्रीवरून सुमारे ०.३ मिलिहेन्रीवर, म्हणजे एकविसाव्या भागावर येते. त्याच वेळी ०.३५ टेस्लाची मर्यादा गाठायला लागणारा प्रवाह ०.२८ वरून सुमारे ५.९ अँपिअरवर, म्हणजे एकवीस पटींवर जातो. साठणारी ऊर्जा प्रवर्तकता आणि प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असल्यामुळे ती पाव मिलिज्यूलवरून पाच मिलिज्यूलच्या वर पोचते. गाभा तोच, वेढे तेवढेच, फेराइटची संपृक्ततेची पातळी तीच. तरीही ऊर्जा साठवण्याची क्षमता एकवीस पट झाली. शिवाय प्रवर्तकता आता फेराइटच्या लहरी पार्यतेवर जवळपास अवलंबून राहत नाही, ती फटीच्या लांबीवर ठरते, आणि तापमान किंवा उत्पादनातील फरकाने पार्यता दहा-वीस टक्क्यांनी इकडेतिकडे झाली तरी वेटोळे आपला आकडा सोडत नाही. ऊर्जेचा हिशेब लावला तर त्या पाच मिलिज्यूलपैकी वीस-एकविसांश भाग फटीतल्या हवेत साठलेला असतो. फेराइटचे काम ती ऊर्जा फटीपर्यंत वाहून आणण्याचे. गाभ्याला ऊर्जेचे भांडार समजण्याची सवय इतकी रुजलेली आहे, की हा हिशेब मांडून पाहिल्याशिवाय सहसा पटत नाही. प्रत्यक्षात फटीच्या कडेने फ्लक्स थोडा बाहेर फुगतो आणि आकडे किंचित बदलतात, पण चित्र हेच राहते.

ट्यूबलाइटच्या जुन्या तांब्याच्या चोकमध्ये ही फट डोळ्यांनी पाहता येते. असा चोक उघडला तर पातळ पत्र्याच्या पट्ट्यांची चळत दिसते, आणि पट्ट्यांचे दोन भाग जिथे एकमेकांना भिडायला हवेत तिथे त्यांच्यामध्ये कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा अडकवलेला असतो. तो तुकडा म्हणजेच फट. ४० वॉटच्या नळीतून सुमारे ०.४३ अँपिअर प्रवाह जातो, आणि तो तेवढाच राहावा यासाठी चोकची प्रवर्तकता सव्वा हेन्रीच्या आसपास टिकून राहावी लागते. फट नीट नसेल तर प्रवाहाच्या प्रत्येक शिखरावर पत्रा भरतो, प्रवर्तकता घटते, नळीतून जादा प्रवाह जातो, तिची टोके लवकर काळवंडतात आणि चोकही तापत राहतो. मोठी एकच फट ठेवण्याऐवजी लोखंडाची भुकटी चिकट द्रव्यात मिसळून दाबली, तर कणाकणांमध्ये लाखो सूक्ष्म फटी तयार होतात. अशा गाभ्याचा गुडघा कोपऱ्यासारखा तीव्र नसतो, प्रवर्तकता प्रवाहाबरोबर हलकेहलके उतरते आणि परिपथाला सावरण्याची सवड मिळते. कडक संपृक्ततेपेक्षा ही मवाळ घसरण अनेक ठिकाणी अधिक मोलाची ठरते.

गाभ्याच्या पदार्थांची निवड ही या मर्यादेशी केलेली तडजोड असते. कोबाल्ट-लोखंडाचे मिश्रधातू २.४ टेस्लाच्या जवळ जातात, पण महाग असल्यामुळे विमानांतील जनित्रांसारख्या ठिकाणीच परवडतात. सिलिकॉन पोलाद दोन टेस्लाच्या आसपास, लोखंडाच्या अस्फटिक पट्ट्या दीड टेस्लाच्या थोडे पुढे, निकेलचे प्रमाण जास्त असलेले पर्मलॉय एक टेस्लाच्याही खाली आणि फेराइट अर्ध्या टेस्लावर संपृक्त होते. फेराइट तरीही टिकून आहे, कारण ते विजेला जवळपास वाहू देत नाही आणि म्हणून उच्च वारंवारतेलाही भोवरी प्रवाहांनी, म्हणजे बदलत्या क्षेत्रामुळे गाभ्यातच फिरणाऱ्या प्रवाहांनी, उष्णता फारशी होत नाही.

वीजवितरणाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये संपृक्ततेचे गणित प्रवाहापेक्षा दाबावरून मांडणे सोयीचे असते. गाभ्यातील फ्लक्स हा दाब आणि तो किती वेळ लागला यांच्या गुणाकारातून तयार होतो. म्हणून दाब वाढला किंवा वारंवारता घटली, की फ्लक्सचे शिखर उंच जाते. ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर तितक्याच दाबावर ५० हर्ट्झला चालवला, तर प्रत्येक अर्धचक्र लांबते आणि फ्लक्स वीस टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेतून आणलेले जुने, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे यंत्र भारतात ११० व्होल्टचा कन्व्हर्टर लावूनही घुमते आणि तापते, याचे मूळ यात आहे. दाब उतरवला तरी वारंवारता बदललेली नसते.

ट्रान्सफॉर्मर चालू करण्याचा क्षणही निर्णायक असतो. चालू स्थितीत फ्लक्स उणे शिखरापासून अधिक शिखरापर्यंत झुलत असतो. पण दाब नेमका शून्यावर असताना स्विच दाबला, तर फ्लक्सचा तोच पूर्ण झोका शून्यापासून सुरू होतो आणि तो दुप्पट शिखराकडे निघतो. गाभ्यात आधीचे काही चुंबकत्व उरलेले असेल आणि त्याची दिशा जुळली, तर तेही त्यात मिळते. नेहमीचे शिखर १.७ टेस्ला धरले तर दुप्पट म्हणजे ३.४ टेस्ला, आणि सिलिकॉन पोलादाची पोच दोन टेस्लापर्यंतच. उरलेला फ्लक्स हवेतून उभा करावा लागतो, त्यासाठी लागणारा प्रवाह अफाट असतो, आणि पहिल्या काही चक्रांत तो पूर्ण भाराच्या आठ-दहा पटींपर्यंत जाऊ शकतो. घरातला मोठा स्टॅबिलायझर चालू करताच कधीकधी एमसीबी पडतो आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर सुरळीत चालतो. दोन वेळा स्विच दाबला गेला तो क्षण वेगळा होता, एवढाच त्यातला फरक. विद्युत उपकेंद्रात या प्रवाहाला दोष समजून रिलेने ट्रान्सफॉर्मर तोडू नये म्हणून त्यातील दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे दुप्पट वारंवारतेच्या घटकाची, ओळख पटवली जाते. प्रवाहाची दोन अर्धचक्रे असमान झाली की हा घटक उमटतो, आणि साध्या शॉर्टसर्किटमध्ये तो सहसा नगण्य असतो.

या असमान संपृक्ततेचे सर्वांत मोठे उदाहरण आकाशातून आले. १३ मार्च १९८९ रोजी सूर्याकडून आलेल्या चुंबकीय वादळाने पृथ्वीचे क्षेत्र वेगाने हलले, आणि त्या बदलत्या क्षेत्राने कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या शेकडो किलोमीटर लांब वीजवाहिन्यांत अतिशय मंद, जवळपास एकदिश प्रवाह निर्माण केले. तिथला कठीण, प्राचीन खडक विजेला फारसा वाहू देत नसल्याने या प्रवाहांना जमिनीपेक्षा वाहिन्यांचा मार्ग सोपा पडला, आणि ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीला जोडलेल्या टोकांतून ते गाभ्याभोवतीच्या वेटोळ्यांत शिरले. एवढ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला हा प्रवाह तसा किरकोळ. पण एकाच दिशेचा असल्याने त्याने गाभ्याचा फ्लक्स एका बाजूला सरकवून ठेवला आणि प्रत्येक चक्राच्या एका अर्ध्यात गाभा भरू लागला. भरलेल्या गाभ्याने हार्मोनिकांनी भरलेला प्रवाह ओढला, जाळ्याचा दाब सावरून धरणारी नियंत्रक उपकरणे त्या हार्मोनिकांमुळे एकामागून एक बंद पडली, आणि सुमारे दीड मिनिटात हायड्रो-क्वेबेकचे जाळे कोसळून साठ लाख लोक जवळपास नऊ तास अंधारात राहिले. एवढ्या मोठ्या यंत्रणेला लोळवायला प्रचंड प्रवाह लागला नाही. गाभ्याचा तोल एका बाजूला कलला, तेवढे पुरले.

अशा वादळांचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. सप्टेंबर १८५९ मधील कॅरिंग्टन वादळाची जी मोजकी विश्वासार्ह मोजमापे उपलब्ध आहेत, त्यांत कुलाबा वेधशाळेची नोंद फार महत्त्वाची मानली जाते. तिच्यात पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राची घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला दिसते. त्या काळी वीजजाळी नव्हती, तारायंत्रे तेवढी बिघडली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहांचा व्यत्यय टाळण्यासाठी चुंबकीय निरीक्षणे १९०४ पासून अलिबागला होऊ लागली, आणि ती आजही पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली चालतात.

एवढी सूक्ष्म क्षेत्रे मोजण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे फ्लक्सगेट मापक मात्र संपृक्ततेला टाळत नाही, तिच्यावरच चालते. सहज चुंबकणाऱ्या मिश्रधातूच्या छोट्या गाभ्याला प्रत्यावर्ती प्रवाहाने दर चक्रात दोन्ही दिशांना मुद्दाम संपृक्त केले जाते. बाहेरचे क्षेत्र नसेल तर दोन्ही अर्धचक्रे सारखी उतरतात; बाहेरचे क्षेत्र असेल तर गाभा एका दिशेला लवकर भरतो, दुसऱ्या दिशेला उशिरा, आणि या तफावतीतून दुसऱ्या वेटोळ्यात दुप्पट वारंवारतेचा संकेत उमटतो, ज्याची तीव्रता बाहेरच्या क्षेत्राच्या प्रमाणात असते. उपकेंद्रातील रिले ज्या दुसऱ्या हार्मोनिकवरून ट्रान्सफॉर्मरची असमान संपृक्तता ओळखते, तोच घटक इथे मोजपट्टी बनतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या भारताच्या आदित्य-एल१ यानावर असे दोन मापक आहेत, एक ६ मीटर लांब दांड्याच्या टोकाला आणि दुसरा ३ मीटरवर. यानाच्या स्वतःच्या तारांचे व यंत्रांचे चुंबकत्व जवळच्या मापकाला अधिक आणि दूरच्याला कमी जाणवते, त्यामुळे दोन्ही नोंदींच्या फरकावरून ते वजा करून सूर्याकडून येणाऱ्या क्षेत्राचा आकडा वेगळा काढता येतो.